आठ महिने, नऊ बॅचेस: फ्रिज, टेम्परेचर कंट्रोलर आणि एका प्रोबची गोष्ट

आठ महिन्यांपूर्वी जुन्या, एका दाराच्या फ्रिजमधले कप्पे काढून टाकले, आत फर्मेंटर, म्हणजे घरची बिअर आंबवायचं भांडं, बसवला आणि फ्रिजला दोन सॉकेटवाला डिजिटल कंट्रोलर जोडला. एका सॉकेटला फ्रिज, दुसऱ्याला फर्मेंटरभोवती गुंडाळलेला हीट बेल्ट. प्रोबचं, म्हणजे कंट्रोलरच्या वायरच्या टोकाला असलेल्या सेन्सरचं, तापमान वर गेलं की फ्रिज चालू, खाली गेलं की बेल्ट. बाकी वेळ दोन्ही बंद. नऊ बॅचेस झाल्यात, म्हणजे आता बोलायला हरकत नाही.

आधी माझा सगळा कारभार ओल्या टॉवेलवर होता. फर्मेंटर पाण्याच्या टबात, त्याच्या अंगावर टॉवेल, समोर पंखा, आणि सकाळ-संध्याकाळ टबात बर्फ केलेल्या बाटल्या. पद्धत वाईट नाही, पण बाटल्या बदलायला एकदा विसरलो की संपलं. विसरायचो नेमका दुसऱ्या रात्री, यीस्ट सगळ्यात जोरात असतं तेव्हा. आंबताना उष्णता निघते. खोलीत २० असताना आतली बिअर सहज २४-२५ला पोचते. एलच्या (कोमट तापमानात आंबवायच्या बिअरच्या) बहुतेक यीस्टना १८ ते २२ मानवतं. त्यावर गेलं की केळ्याचा वास, घशाला चरचर आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड.

बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी घातली होती. उन्हाळ्यातली बिअर बिघडते, एवढं त्यांना अनुभवाने कळलेलं होतं. यंत्राने थंड करायची सोय कार्ल फॉन लिंडेने १८७०च्या दशकात करून दिली, तोवर तळघर आणि बर्फ यांवरच भागवायचं. माझा टॉवेल त्याच जमान्यातला.

आता कंट्रोलरबद्दल. यंत्र साधं आहे आणि काम चोख करतं. फक्त ते बिअरचं तापमान सांभाळत नाही, प्रोबचं सांभाळतं. हे मला चौथ्या बॅचला नीट कळलं.

पहिल्या बॅचला प्रोब फ्रिजमध्ये नुसता लोंबकळत सोडला होता. दार उघडलं की हवा तापते, कॉम्प्रेसर चालू. दोन मिनिटांत हवा गार, कॉम्प्रेसर बंद. वीस लिटर वर्टला, म्हणजे बिअर व्हायच्या आधीच्या गोड माल्टच्या पाण्याला, यातलं काही कळतसुद्धा नाही, ते आपलं आत तापत राहतं. मग प्रोब फर्मेंटरच्या बाहेरून, द्रवाच्या मधल्या उंचीवर टेपने चिकटवला आणि वरून फोमचा जाड तुकडा दाबून बसवला, म्हणजे त्याला हवेचा गारवा लागू नये. पुढच्या दोन्ही बॅचेस झकास झाल्या.

चौथ्या वेळी फर्मेंटरला बाहेरून पाणी सुटलं, टेप ओली झाली आणि रात्रीत प्रोब खाली पडला. सकाळी डिस्प्लेवर १९.०, अगदी ठणठणीत. फर्मेंटरला चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी मात्र २५ दाखवत होती. तो दुसरा दिवस होता, म्हणजे जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं. त्या बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास होता. दोन महिने बाटल्यांत ठेवून पाहिली, वास गेला नाही. सगळी ओतून दिली. तेव्हापासून प्रोबवर रुंद वेल्क्रोचा पट्टा असतो, आणि पट्टीकडे रोज एकदा नजर.

मधे थर्मोवेलही वापरून पाहिली, म्हणजे झाकणातून आत सोडलेली, खालून बंद स्टीलची नळी. ऐकायला उत्तम. पण बिअरच्या मधोमध थंडावा पोचेपर्यंत फ्रिज इतका गार झालेला असायचा की तापमान ठरवल्यापेक्षा खाली घसरायचं. आंबवण जोरात असताना वायूच्या बुडबुड्यांनी बिअर आतल्या आत ढवळली जाते, त्यामुळे कडेचं आणि मधलं तापमान जवळपास सारखंच असतं. मी बाहेरच्या प्रोबवर परत आलो.

फरकाचं सेटिंग, म्हणजे ठरवल्यापेक्षा तापमान किती हललं की यंत्राने जागं व्हायचं ते, सुरुवातीला हौसेने ०.३ अंशावर ठेवलं होतं. फ्रिज बंद झाल्यावरही त्याची गार पाटी थंडावा देत राहते; तापमान खाली जायचं, बेल्ट चालू व्हायचा, मग पुन्हा फ्रिज. रात्रभर दोघांचं भांडण आणि विजेचं मीटर माझं. आता थंड करायला ०.५, तापवायला १, आणि खोलीत उकाडा असेल तर बेल्ट सरळ काढून ठेवतो. कॉम्प्रेसरचा विलंब ५ मिनिटांवर आहे. तो शून्यावर कधीच नेऊ नका, बंद पडल्या पडल्या पुन्हा चालू होताना कॉम्प्रेसरवर फार ताण येतो. आणि पहिल्याच दिवशी प्रोब बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवून बघा. शून्य दिसायला हवं. माझ्याकडे ०.८ दिसत होतं, तेवढं सेटिंगमधून वजा केलं.

पैसे वसूल झाले ते सहाव्या बॅचला, पहिल्या लागरला, म्हणजे थंडाव्यात आंबवायच्या बिअरला. १० अंशांवर सुरुवात, घनता (साखर संपते तशी ती उतरते) १.०४८वरून १.०२०वर आल्यावर तीन दिवस १६ अंश. या उबेत यीस्ट डायअसिटिल, म्हणजे तो लोण्यासारखा वास, परत शोषून घेतं. इथे बेल्टचं महत्त्व कळलं. नंतर २ अंशांवर नेली, आणि सकाळी पाहतो तर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची पाण्याची नळी, कोरडा! आतला वायू आकसला आणि त्याने एअरलॉकमधलं पाणी आत ओढून घेतलं होतं. त्यात सॅनिटायझर घातलेलं असल्याने निभावलं. आता थंड करण्याआधी एअरलॉक काढून, आंबवण चालू असतानाच वायूने भरून ठेवलेला फुगा त्याजागी लावतो.

किरकोळ तक्रारी: प्रोबची वायर दारातून येते, त्यामुळे रबर नीट बसत नाही आणि आत ओल धरते. दोन आठवड्यांनी कोपऱ्यात बुरशी दिसली होती, आता ओल शोषणारा डबा ठेवतो. अलार्मचा आवाज असा की शेजारच्यांनाही बिअरचं तापमान कळावं. वीज जाऊन आली तरी सेटिंग जसंच्या तसं राहतं, ही मात्र जमेची बाजू.

एवढा खटाटोप नको असेल तर क्वाइक हे नॉर्वेचं यीस्ट आहे, ते ३५ अंशांतही खुशाल काम करतं. पुढची बॅच त्याचीच लावणार आहे, फ्रिज बंद ठेवून. प्रोब तरीही बांधणार आहे, सवय.