देवाच्या रीतीने शेतीचे प्रशिक्षण: दोरीने दुसऱ्या हंगामात दिलेला दगा

‘फार्मिंग गॉड्स वे’ म्हणजे ‘देवाच्या रीतीने शेती’ ही पद्धत थोडक्यात अशी. झिंबाब्वेतील शेतकरी ब्रायन ओल्डरीव्ह यांनी १९८०च्या दशकात नांगरट थांबवली, जमीन पालापाचोळ्याने झाकून मका घेतला आणि त्या अनुभवाला बायबलच्या शिकवणीची जोड दिली. त्यातून उभे राहिलेले प्रशिक्षण आज आफ्रिकेतील अनेक देशांत चर्चमार्फत अल्पभूधारकांपर्यंत पोहोचते. मी ते घेतले, त्याबरहुकूम मक्याचा एक हंगाम काढला आणि दुसऱ्या हंगामाची तयारी करताना खड्ड्यांच्या जागा दाखवणाऱ्या खुणांच्या दोरीने जो दगा दिला, त्यामुळे हा अनुभव लिहिणे भाग पडले.

या पद्धतीचा सगळा डोलारा खुणांच्या दोरीवर उभा आहे. एका ओळीतील दोन खड्ड्यांमध्ये ६० सेंमी आणि दोन ओळींमध्ये ७५ सेंमी अंतर राखायचे, प्रत्येक खड्ड्यात तीन दाणे टोकून विरळणीनंतर दोन रोपे ठेवायची, म्हणजे हेक्टरी ४४,४४४ झाडे बसतात. हे खड्डे कायमचे असतात. दरवर्षीचे खत त्याच जागी साठत जाते, मुळांना मोकळी केलेली माती मिळते आणि माणसांचे पाय ओळींमधल्या पट्ट्यातच पडतात. त्यासाठी शेताच्या कडेच्या खुंट्या काढायच्या नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांनाच दोरी बांधायची, असे आम्हाला बजावून सांगितले होते.

मी तसेच केले. पहिल्या खुंटीजवळ जुना खड्डा आणि नवी खूण नेमकी जुळली. ओळीच्या मध्यावर खूण सरकलेली दिसली आणि शेवटी तर कुदळ कडक, न हललेल्या मातीवर आदळली. मागच्या वर्षीचा खड्डा तिथून दीड वीत अलीकडे होता. त्यात काळसर, भुसभुशीत माती आणि मक्याचे कुजत आलेले बुडखे स्पष्ट दिसत होते. प्रशिक्षणात मिळालेली दोरी नायलॉनची होती. नायलॉन ओल शोषतो, ताणाखाली लांबतो आणि पूर्णपणे पूर्ववत होईलच असे नाही. सोळा मीटरच्या ओळीत फक्त दोन टक्के वाढ झाली तरी ३२ सेंमी होतात, म्हणजे शेवटची खूण थेट दोन खड्ड्यांच्या मधोमध पडते. वर्षभर ज्या जागी कंपोस्ट घातले ती जागा सोडून भलतीकडे पेरण्याची ही तयारी झाली.

संयोजकांना कळवल्यावर पहिले उत्तर आले की दोरी जास्त ताणली गेली असेल. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा नवी दोरी विकत घेण्याचा सल्ला मिळाला. ही दोरी प्रशिक्षणाच्या शुल्कातच दिलेली होती आणि मी ती गुंडाळून कोरड्या जागी ठेवली होती, त्यामुळे हे उत्तर मला मान्य होण्यासारखे नव्हते. बऱ्याच पाठपुराव्यानंतर दुसरी दोरी आली, तीही नायलॉनचीच. वेळेवर, उत्तम दर्जाने, नासाडी न करता आणि आनंदाने काम करा, हे चार नियम ज्या प्रशिक्षणात पहिल्या सत्रापासून शिकवले जातात, त्याच प्रशिक्षणाने मोजमापाच्या साधनात दर्जा सोडावा, याचा मला मनापासून राग आहे.

आच्छादनाबद्दल मात्र माझे मत हंगामाच्या मध्यावर पूर्ण बदलले. सुरुवातीला ते मला निव्वळ कष्ट वाढवणारे वाटले. मक्याची ताटे जनावरांना हवी असतात, त्यामुळे जमीन झाकायला गवत कापून डोक्यावरून आणावे लागते, आणि या मेहनतीविषयी प्रशिक्षणात फार थोडे बोलले गेले. त्यात कोवळी रोपे पिवळट दिसू लागली; काडीकचरा कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र तात्पुरता वापरतात, म्हणून खड्ड्यातल्या खताचे माप आणि वरखताची वेळ चुकवून चालत नाही. या टप्प्यावर कोणी विचारले असते तर मी आच्छादन करू नका असेच सांगितले असते. मग पावसाने दडी मारली. गवत कमी पडल्याने शेताचा एक कोपरा मी विरळच झाकला होता. तिथल्या मक्याची पाने दुपारी गुंडाळली जात आणि दाट झाकलेल्या भागात ती उघडी राहत. तिथले आच्छादन बाजूला सारून बोट खुपसले की मातीचा गारवा लागत असे. तणही त्या भागात नावापुरतेच उगवले. ज्या आच्छादनाला प्रशिक्षक ‘देवाचे पांघरूण’ म्हणतात, त्यासाठी मी यापुढे कितीही गवत वाहून आणायला तयार आहे.

धार्मिक भागाविषयी अनेकांना शंका असते, म्हणून त्याबद्दलही सांगतो. जंगलात कोणी नांगर धरत नाही आणि तिथली जमीन कधी उघडी राहत नाही, या निरीक्षणातून निर्मितीकडे पाहायला शिकवणे मला भावले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण ही दोन्ही कामे सोपवलेली आहेत, आणि आपण राखण विसरलो, हे प्रशिक्षकांचे म्हणणे मला पटते. श्रद्धा ठेवली की पीक हमखास येते, असे मात्र कोणी शिकवू नये. नीतिमान आणि अनीतिमान या दोघांवरही पाऊस पडतो, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे; ज्याचे पीक वाळले त्याच्या विश्वासात खोट काढणे क्रूरपणाचे आहे. आमच्या प्रशिक्षकांनी हे स्वतःहून स्पष्ट केले, याचे मला समाधान वाटते. ज्यांना प्रार्थनेच्या सत्रात बसायचे नाही त्यांनाही यातले तंत्र उपयोगी पडेल. झिंबाब्वे सरकारने २०२० पासून ‘फुम्वुद्झा’ या नावाने याच धर्तीची शेती देशभर नेली. तिथे १६ मीटर रुंद आणि ३९ मीटर लांब तुकड्यात ५२ ओळी घेतात, वर्षाच्या प्रत्येक आठवड्याच्या धान्यासाठी एक.

प्रशिक्षण घ्यावे असेच मी सांगेन, फक्त मिळालेली दोरी तशीच वापरू नये. पहिला खड्डा खणण्यापूर्वी ती पोलादी टेपशेजारी ताणून मोजावी, मग रात्रभर भिजवून पुन्हा मोजावी आणि मापात फरक आला तर ती बाजूला ठेवावी. मी आता जस्ताचा मुलामा असलेली तार घेतली आहे, तिच्यावर दर ६० सेंमीला बाटलीचे बूच ठोकून घट्ट बसवले आहे आणि जुने खड्डे एकेक करून तिच्याशी जुळवून घेतले आहेत. तारेला पीळ पडतो, म्हणून ती मोठ्या रिळावर गुंडाळावी लागते. पण शेवटच्या खुंटीजवळची खूण खड्ड्यावरच येते.