विंडोज 10 वर थांबायचं की 11 घ्यायचं? पडद्यावरची बटणं बाजूला ठेवून बघू

विंडोज 10 चा फुकट सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून ज्यांच्याकडे थोडं जुनं मशीन आहे त्यांचा एकच प्रश्न, की तो विंडोज 11 घ्या म्हणणारा अख्ख्या स्क्रीनभर मेसेज येतोय, आता दाबू का नको दाबू. माझं मत आधीच सांगतो. मेसेजमधली तारीख खरी आहे, ती मनावर घ्या. पण बटणं ज्या पद्धतीनं मांडलीयत ती तुमच्या सोयीसाठी मांडलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या दबावाखाली काहीही दाबू नका. 11 वर जाणं, 10 वर राहून वाढीव सिक्युरिटी अपडेट घेणं, काहीच न करता 10 वर राहणं आणि लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), असे चार रस्ते आहेत आणि कुठला तुमचा ते मशीन आणि काम बघून ठरतं.

हा दबाव आजचा नाही. विंडोज 10 आलं 29 जुलै 2015 ला, त्याच्या आधीच विंडोज 7 आणि 8.1 वाल्यांच्या मशीनमध्ये एका अपडेटमधून "गेट विंडोज 10" नावाचं छोटं अ‍ॅप येऊन बसलं होतं. सुरुवातीला नुसतं घड्याळाशेजारी चिन्ह दिसायचं, मग खिडक्या उघडायला लागल्या, त्यातल्या काहींत तर दोनच बटणं, "आत्ता अपग्रेड करा" आणि "आज रात्री अपग्रेड करा". नको म्हणायला बटणच नाही. बऱ्याच लोकांच्या मशीनमध्ये न विचारता काही जीबीच्या फाईली एका लपलेल्या फोल्डरमध्ये उतरून बसल्या होत्या, आणि ज्यांचं नेट मोजून मिळणारं होतं त्यांना त्याचा फटका बसला. एप्रिल 2016 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या केसीसीआय वाहिनीवर हवामानाचा कार्यक्रम लाईव्ह चालू असताना नकाशावरच ती खिडकी उघडली होती.

सगळ्यात वाईट प्रकार मे 2016 चा. खिडकीत लिहिलेलं असायचं की तुमच्या अपडेट सेटिंगनुसार हे मशीन अमुक तारखेला, अमुक वाजता अपग्रेड होणार आहे. खाली "ओके" आणि "आत्ता अपग्रेड करा". रद्द करायचं तर मधल्या ओळीतल्या एका शब्दावर लिंक होती, "इथे" एवढाच शब्द, त्यावर क्लिक करायचं. आणि वर कोपऱ्यातली लाल फुली दाबली तर? तर ते "ओके" धरलं जायचं, म्हणजे अपग्रेड ठरलेल्या वेळी होणारच. इतकी वर्षं ज्या फुलीचा अर्थ "नको, बंद कर" होता तिचा अर्थ एका खिडकीपुरता उलटा केला. मला ही गोष्ट अजूनही अक्षम्य वाटते, कारण कॉम्प्युटर जेमतेम येणाऱ्या माणसाला फुली दाबणं एवढं एकच संरक्षण माहीत असतं. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचं कामाचं मशीन ह्या अपग्रेडनंतर नीट चालेना, त्या स्मॉल क्लेम्स कोर्टात गेल्या आणि त्यांना 10,000 डॉलर मिळाले, मायक्रोसॉफ्टनं अपील मागे घेतलं. ओरड झाल्यावर फुकट अपग्रेडच्या मुदतीच्या शेवटी शेवटी नकाराचं वेगळं बटण आलं, आणि 2016 च्या डिसेंबरात कंपनीचे मार्केटिंग प्रमुख क्रिस कापोसेला यांनी स्वतः कबूल केलं की आम्ही जरा जास्तच पुढे गेलो.

आता त्याच्याशेजारी आजचं ठेवा. फुलीवाला प्रकार आता नाही, न विचारता मशीन बदललं जाण्याच्या तक्रारी तेव्हासारख्या नाहीत, हा फरक मान्य करायला हवा. पण कलतं माप तेच आहे. विंडोज 10 ची अपडेट सेटिंग उघडा, मशीन पात्र असेल तर वर मोठा चौकोन दिसेल की विंडोज 11 तयार आहे आणि फुकट आहे, त्यात ठसठशीत निळं बटण "डाउनलोड अँड इन्स्टॉल", आणि त्याच्याखाली बटणसुद्धा नसलेली बारीक लिंक, "स्टे ऑन विंडोज 10 फॉर नाऊ". तो "फॉर नाऊ" लक्षात घ्या, कायमचा नकार द्यायची सोयच नाही, "सध्यापुरतं नको" एवढंच म्हणता येतं. ज्यांची मशीन पात्रच नाहीत त्यांना 2024 च्या नोव्हेंबरात पूर्ण स्क्रीनच्या जाहिराती दाखवल्या, नवीन कॉम्प्युटर घ्या म्हणून. आत्ता चालणारं मशीन समोर असताना त्याच मशीननं तुम्हाला दुसरं विकत घ्यायला सांगायचं, हे पटत नाही.

मॅकवाले सुटलेत असं समजू नका. तिथे फुली फसवत नाही, पण सप्टेंबर 2025 ला टाहो ही मॅकची नवी आवृत्ती आल्यावर सेटिंगमध्ये ठळक दिसतो तो टाहोच, आणि त्याआधीच्या सिक्वोया आवृत्तीचं नुसतं सिक्युरिटी अपडेट हवं असेल तर ते खालच्या "इतर अपडेट" मध्ये जाऊन शोधावं लागतं. शिवाय मॅकवर परत जुन्या व्हर्जनवर यायला साधं बटण नाही, डिस्क पुसून परत सगळं टाकावं लागतं, त्यामुळे तिथे जास्त सांभाळून.

तिसरा प्रकार सरळ चोरांचा, आणि खऱ्या मेसेजनी लोकांना घाईची सवय लावल्यामुळे ह्यांचं फावतं असं माझं ठाम मत आहे. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 आता सगळ्या पात्र मशीनना देतोय असं जाहीर केलं, आणि लगेच हुबेहूब दिसणारी एक खोटी साइट उभी राहिली. तिथून मिळायची दीड एमबीची झिप, उघडली की 750 एमबीच्या वर, आत रेडलाइन नावाचं चोरटं सॉफ्टवेअर, जे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कार्डाची माहिती उचलतं. ओळखायचं कसं? खरं अपग्रेड सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये दिसतंच, त्यामुळे ब्राउझरच्या पानावर कोणी अपग्रेड कर म्हणत असेल तर ते पान बंद करा आणि सेटिंगमध्ये जाऊन बघा. मेसेजमध्ये फोन नंबर असेल तर तो खोटाच, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. आणि अपडेट पूर्ण करण्यासाठी विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर, असं कुठलंही पान सांगत असेल तर कॉम्प्युटरवर तुमच्याच हातानं व्हायरस चढवायला सांगतायत. पैसे गेले तर 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

आता निर्णय. मशीन 11 ला पात्र असेल, म्हणजे टीपीएम 2.0 (सिक्युरिटीची चिप) आहे आणि प्रोसेसर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे (मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अ‍ॅप हे सांगतं), आणि काम ब्राउझर, ऑफिस, मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर 11 वर जा. खरंच जा, ह्यात टाळाटाळ करून काही मिळत नाही. फक्त दिवस तुम्ही ठरवा, महिनाअखेरीला किंवा रिटर्न भरायच्या आठवड्यात नको, आधी बॅकअप घ्या, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या त्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

दुकानातलं किंवा छापखान्याचं मशीन असेल तर जरा थांबून विचार करा. आपल्याकडे बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने मराठी फॉन्ट, त्यांचे डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावं लागणारं छोटं उपकरण) आणि वर्षानुवर्षांच्या फाईली आहेत, आणि ते सगळं 32 बिट विंडोजवर चालतंय. विंडोज 11 ची 32 बिट आवृत्तीच नाही, म्हणजे तिथे वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळं नव्यानं टाकावं लागतं, आणि डोंगलचा ड्रायव्हर चालला नाही तर काम ठप्प. अशांनी आधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारावं, एखाद्या वेगळ्या मशीनवर चालवून बघावं आणि तोवर दुसरा रस्ता घ्यावा.

तो दुसरा रस्ता म्हणजे ईएसयू, वाढीव सिक्युरिटी अपडेट. घरगुती मशीनसाठी हे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. 30 डॉलर किंवा तेवढे रुपये भरा, नाहीतर सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सिंक करून फुकट घ्या, नाहीतर 1,000 रिवॉर्ड पॉइंट द्या. मशीनवर विंडोज 10 चं शेवटचं, 22एच2 व्हर्जन पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच, पैसे भरले तरी. एका खात्यावर दहा मशीन बसतात, त्यामुळे घरात दोन-तीन जुने लॅपटॉप असतील तर एकाच खात्यावर जमतं. मला हा पर्याय चांगला वाटतो, फक्त तो मोठ्या निळ्या बटणासारखा समोर येत नाही, अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" शोधायला लागतं. ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या नियंत्रणातल्या नेटवर्कला) जोडलेल्या मशीनला हे लागू नाही.

काहीच न करता 10 वर राहणं मी फक्त नेटला न जोडलेल्या मशीनसाठी सुचवेन. ज्यावर बँकेचं काम होतं त्यावर अजिबात नको, डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) व्हायरस व्याख्या 2028 पर्यंत येत राहणार असल्या तरी विंडोजमधली भोकं त्यानं बुजत नाहीत. अपात्र मशीनवर जुगाड करून 11 चढवणारे पण आहेत, पण तिथे अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे कामाच्या मशीनवर हे करू नये. लिनक्स मिंट जुन्या लॅपटॉपवर छान पळतं, मराठी इनस्क्रिप्टनं टाइप होतं, लिब्रेऑफिस असतं. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तर मात्र त्रास होईल.

10 वर राहायचं ठरलं आणि मेसेज थांबवायचेत तर "पॉज अपडेट" वापरू नका, त्यानं सिक्युरिटी अपडेटही थांबतात. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन विंडोज 10 आणि 22एच2 असं ठरवून टाका. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस सेटअप पूर्ण करण्याबद्दलचं सुचवणं आणि टिप्स पण बंद करा, अर्धे पडदे तिथूनच येतात. आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नची (ग्राहकाला फसवणाऱ्या बटणांच्या आणि पडद्यांच्या मांडणीची) नियमावली काढली, त्यातल्या 13 प्रकारांत सतत टोचत राहणं, खोटी घाई, बळजबरीची कृती हे सगळं नावानिशी आहे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, कोणी सांगितलंच नाही तर हे असंच चालू राहणार.

आणि चुकून दाबलं गेलंच असेल, मशीन 11 झालं असेल आणि स्कॅनर किंवा प्रिंटर चालत नसेल, तर घाबरू नका. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे "गो बॅक" असतं आणि ते फक्त 10 दिवस चालतं. त्या 10 दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजचं फोल्डर डिलीट करू नका, ते गेलं की "गो बॅक" पण गेलं.