205/55 आर 16: रोजच्या सेडानला कुठला टायर घालावा?

स्लाव्हिया, व्हर्टस, वेर्ना टर्बो, जुनी ऑक्टाव्हिया, जेट्टा. यांच्या बहुतेक वरच्या व्हेरियंटना 205/55 आर 16 हेच माप येतं (205 मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, 16 इंची रिम). कंपनीतून आलेला संच घासत आला की प्रश्न पडतो: तसाच परत घ्यावा, की जरा चांगला ‘परफॉर्मन्स’ टायर घालावा?

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे दुकानात समर टायर असा वेगळा प्रकार मागायची गरज नाही. इथे मिळणारे बहुतेक सगळेच कार टायर समर असतात. म्युनिक किंवा माँट्रियलला राहणारी आपली मंडळी हिवाळ्यात दुसरा संच चढवतात, कारण साधारण सात अंशांच्या खाली या टायरचं रबर कडक पडतं आणि पकड जाते. ती काळजी आपल्याला नाही. आपल्याला निवड करायची ती आरामाच्या टूरिंग टायरमधून की पकडीच्या स्पोर्ट टायरमधून, एवढीच. आणि रोजच्या गाडीत परफॉर्मन्स म्हणजे 180 चा वेग नव्हे. जुलैत घाट उतरताना समोरच्याने अचानक ब्रेक मारला तर आपली गाडी किती फुटांवर थांबते, हा खरा परफॉर्मन्स.

या कसोटीवर आमची पहिली पसंती मिशेलिन प्रायमसी 4एसटी. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग भरवशाचं, आवाज कमी, आणि खड्ड्यावरून जाताना धक्का अंगावर येत नाही. नक्षी झिजत गेली तरी पाणी कापायची ताकद बरीचशी टिकून राहते, हा याचा मोठा गुण. उणीव स्टीअरिंगमध्ये आहे. वळणात शिरताना गाडी क्षणभर थबकून मग वळते. ज्याला आंबेनळी किंवा वरंधा घाटात गाडी चालवण्याचा आनंद घ्यायचा आहे, त्याला हे जाणवेल. त्याने कॉन्टिनेंटल एमसी6 बघावा. खांदे ताठ, स्टीअरिंगला ताबडतोब प्रतिसाद, कोरड्या रस्त्यावर पकड उत्तम. पण आराम थोडा कमी होतो आणि काँक्रीटवर घरघर वाढते. योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी या दोघांच्या मधला, आणि बहुतेकांना तोच पुरेसा ठरेल.

मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 मिळाला तर घ्यावा का? गाडी टर्बो असेल आणि चालवणारा शौकीन असेल तर जरूर. पण मऊ रबर लवकर झिजतं. टूरिंग टायर 45 हजार किलोमीटर जात असेल, तर स्पोर्ट टायर 30-35 हजारांत आटोपतो, असा हिशेब धरून चला. रोज दोन तास सिग्नलला उभ्या राहणाऱ्या गाडीत तो पैसा वाया जातो. शिवाय जून 2020 पासून टायरची आयात परवान्याच्या कक्षेत आली, त्यामुळे बाहेरून येणारी मापं कायम हाताशी असतीलच असं नाही. चारपैकी दोनच मिळतायत म्हणून दोन घेऊ नका.

माप बदलायचा मोहही आवरा. 215/55 घातला तर टायरची उंची सुमारे 11 मिलिमीटर वाढते, म्हणजे गाडी खालून जेमतेम साडेपाच मिलिमीटर वर येते. तेवढ्यासाठी स्टीअरिंग जड करून घ्यायचं आणि स्पीडोमीटरचा हिशेब बिघडवायचा, यात काही अर्थ नाही. मापापुढचे आकडे मात्र नीट वाचा: 91व्ही म्हणजे एका टायरवर 615 किलो भार आणि ताशी 240 किलोमीटरपर्यंतची क्षमता. 94 असेल तर 670 किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा किंवा खालचं अक्षर घेऊ नका. ऊर्जा बचतीचे तारे दिसले तर ते टायर किती हलका फिरतो हे सांगतात, पकडीबद्दल काही सांगत नाहीत.

आता दुकानातलं. टायर रिमवर चढवण्याआधी हातात घेऊन साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फिरवून बघा. डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात: 1825 म्हणजे 2025 सालातला 18वा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली की गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय तारीख दिसत नाही, म्हणून हे आधीच करायचं. चारही टायरची तारीख बघा; सहा महिन्यांच्या आतले असतील तर उत्तम, वर्षाहून जुना असेल तर सरळ नको म्हणा. आयएसआयची खूण हवीच. बाहेरच्या बाजूला ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ते बाहेरच आलं पाहिजे. घाईत एखादं चाक उलटं चढतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बिलात जीएसटी 18 टक्के हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 28 वरून उतरला आहे.

रबरी व्हॉल्व्ह त्याच वेळी नवे घ्या. किरकोळ खर्च आहे, पण जुना व्हॉल्व्ह तळाशी चिरला की हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नाही. बोल्ट हवेच्या गनने कचकचून आवळू देऊ नका. गनने टेकवून शेवटचं आवळणं ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच. स्लाव्हिया-व्हर्टसला 120 न्यूटन-मीटर. कमी-जास्त आवळलेल्या बोल्टमुळे डिस्क वाकडी बसते आणि पुढे ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं. मग दोष नव्या टायरवर जातो. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. स्लाव्हिया, व्हर्टस आणि वेर्नात मागचा अ‍ॅक्सल बीमचा आहे, तिथे कोन जुळवायची सोय नाही. तरी मागचंही अलाइनमेंट केलं म्हणून कुणी पैसे लावले तर नेमकं काय फिरवलं ते विचारा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला. पुढचे लवकर घासतात म्हणून नवे पुढे घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. साचलेल्या पाण्यात पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की सहसा सावरते. मागची तरंगली तर गाडी गर्रकन फिरते आणि तेव्हा सावरायला वेळच उरत नाही.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. चालल्यावर तीन-चार पीएसआय वाढणारच, ती काढायची नाही. समृद्धीवर निघण्याआधी टायर गरम होतील म्हणून मुद्दाम कमी हवा ठेवणारे बरेच आहेत. त्याने उलटं होतं: हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच टायर तापतो आणि 120 च्या वेगात फुटू शकतो. भरलेली गाडी असेल तर स्टिकरवरचा भारासाठीचा वरचा आकडा पाळा. नायट्रोजनला हरकत नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. फरक आठवड्याला गेज लावण्याने पडतो.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. खाचेतली 1.6 मिलिमीटरची पट्टी नक्षीच्या बरोबरीला आली की कायद्याने टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर नक्षी 3 मिलिमीटर उरली असेल तरी बदला. खड्ड्यात आपटल्यावर साइडवॉलला अंगठ्याएवढा जरी फुगा आला, तरी आतले धागे तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही. स्टेपनी लावा आणि तो टायर पुन्हा गाडीला चढवू नका.