वाशीतील दोन दिवसांचा अभ्यासवर्ग : युद्धकाळातील मदत आणि मित्रराष्ट्राची मनधरणी

वाशी स्थानकाजवळ शनिवार-रविवारी भरलेला हा अभ्यासवर्ग मी दीड हजार रुपये शुल्क भरून पूर्ण केला. न्हावा शेवा बंदरातील माल कस्टममधून सोडवून घेण्याचे काम मी अनेक वर्षे करत असल्याने, युद्धात होरपळणाऱ्या लोकांपर्यंत धान्य पोहोचावे म्हणून एखादे सरकार आपल्याच मित्रदेशाला कसे वळवते, हा विषय मला परका वाटला नाही.

पहिला दिवस बहुतेक येमेनसाठी दिला होता आणि तोच सर्वांत सकस ठरला. येमेनमधील हुथी बंडखोरांशी लढणाऱ्या, सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या हवाई हल्ल्यात ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या होदेदा बंदरातील क्रेन निकामी झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने अमेरिकेच्या निधीतून चार फिरत्या क्रेन घेतल्या, परंतु जानेवारी २०१७ मध्ये आघाडीने त्या बंदरात येऊ दिल्या नाहीत. ज्या सौदीला अमेरिका शस्त्रे विकत होती, त्याच सौदीचे मन वळवण्यात वर्ष गेले. डिसेंबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अन्न, इंधन, पाणी आणि औषधे येमेनमध्ये जाऊ द्यावीत, असे सौदीला जाहीरपणे सांगितले आणि जानेवारी २०१८ मध्ये क्रेन धक्क्यावर उतरल्या. क्रेनवाचून जहाज कसे खोळंबते, हे आमच्या धंद्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, पण तिथल्या खोळंब्यामागे उपाशी मुले होती, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी मित्रदेशाला पत्र लिहायचे होते. मी ‘मदतीचा मार्ग सुकर करावा’ असे लिहिले, तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्याखाली लाल शाईने ‘कोणते फाटक? दिवसाला किती ट्रक? कोणत्या तारखेपर्यंत?’ असे विचारून कागद परत दिला. त्यानंतर त्यांनी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन आणि संरक्षणमंत्री ऑस्टिन यांचे इस्रायलला गेलेले १३ ऑक्टोबर २०२४ चे पत्र उलगडून दाखवले, ज्यात गाझासाठी दिवसाला किमान ३५० ट्रक आणि ३० दिवसांची मुदत स्पष्ट लिहिलेली होती.

माझी तक्रार इथेच आहे. मुदत संपल्यावर अटी पाळल्या गेल्या नाहीत, असे मदतसंस्थांनी सांगितले, तरीही अमेरिकेने धोरण बदलले नाही. हा कळीचा मुद्दा शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला. युद्धात नागरिकांसाठीची औषधे आणि अन्न जाऊ देण्याविषयीचे चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम २३ देखील केवळ वाचून दाखवले.

तरीही मदतकार्यात किंवा मालवाहतुकीत असलेल्यांनी हा वर्ग अवश्य करावा. नकाशाच्या छायाप्रती फार पुसट असतात, तेव्हा लाल समुद्राचा चांगला नकाशा सोबत न्यावा.