फेक्सोफेनाडिन १२०: पावसाळ्यापासून घेतोय, झोप उडाली आणि खिसाही

लिहायला बसलो कारण काल केमिस्टशी परत वाजलं. चिठ्ठीवर फेक्सोफेनाडिन लिहिलंय आणि हा पठ्ठ्या लिव्होसेट्रिझिनची स्ट्रिप पुढे करून म्हणतो, "घ्या काका, अ‍ॅलर्जीचीच आहे, वर स्वस्त." स्वस्त म्हटलं की मी विरघळतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पण ह्या वेळी नाही. लिव्होसेट्रिझिन मी रोज रात्री घ्यायचो, गाजरगवताच्या शिंका बंद, त्याबद्दल तक्रारच नाही, पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी डोकं जड, मीटिंगमध्ये साहेब बोलतायत आणि माझी मान छातीवर.

गोची काय आहे, की हिस्टामीन, म्हणजे अ‍ॅलर्जीत शिंका आणणारं शरीरातलं रसायन, फक्त नाकात हुळहुळ करत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या काही पेशी तेच हिस्टामीन मेंदूभर सोडून आपल्याला जागं ठेवतात, आणि पेशींवरचा रिसेप्टर, म्हणजे हिस्टामीनचा निरोप घेणारं कुलूपच म्हणा, दोन्हीकडे तोच, एच-१. गोळी त्याला बंद अवस्थेतच धरून ठेवते. नाकात धरला तर शिंक थांबते, मेंदूत धरला तर डुलकी. जपानात तोहोकू विद्यापीठवाल्यांनी पेट स्कॅन (औषध मेंदूत कुठे किती पोचतं ते दाखवणारी तपासणी) करून हे मोजलंय: सर्दीच्या गोळ्यांतलं जुनं क्लोरफेनिरामिन मेंदूतले निम्म्याच्या आसपास एच-१ अडवतं, सेट्रिझिन १० मिग्रॅ साधारण १२-१३ टक्के, आणि फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, तो हिला आल्या पावली परत रक्तात ढकलतो. म्हणजे चौपट पैसे मी कशाचे मोजतोय, तर गोळी डोक्यात न जाण्याचे! बायको म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यात तसंही काही जात नाही, स्वस्तातलीच घ्यायची."

सुरुवातीला ह्या गोळीला दोनच स्टार देणार होतो खरं तर. जुनी एकदम बंद करून ही चालू केली आणि दोन-तीन दिवसांत तळहातांना अशी खाज सुटली की रात्री उठून नळाखाली हात धरायचो, वाटलं नवीन गोळी बोगस आहे. डॉक्टर म्हणाले खाज नवीची नाही, जुनी सोडल्याची. बरेच महिने रोज घेऊन सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन बंद केलं की काहींना असं होतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये तसा इशाराही दिलाय. मग जुनी परत चालू करून हळूहळू कमी करत सोडवली.

शिंका तरी पूर्ण थांबेनात. कारण सापडलं ते संत्र्याचा रस! सकाळी रसाबरोबरच गोळी घ्यायचो. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट, ह्यांचे रस आतड्यातल्या ज्या वाहक प्रथिनामार्फत ही गोळी रक्तात शिरते त्यालाच अडवतात, म्हणजे एवढी महागाची गोळी आणि बरीचशी न शोषताच बाहेर. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधानेही शोषण कमी होतं. अरे मग बिल फाडताना एका शब्दाने सांगायला काय जातं ह्या लोकांचं? वर स्ट्रिप कापून देणार नाहीत ते वेगळंच.

आता साध्या पाण्याबरोबर घेतो, शिंका आटोक्यात, मीटिंगमध्ये टक्क जागा असतो (त्याचा फायदा काय ते विचारू नका). पाचपैकी चार स्टार, एक किमतीचा कापला. लिव्होसेट्रिझिनची उरलेली अर्धी स्ट्रिप डॉक्टरांना विचारून रातराणीच्या प्रवासाला ठेवलीये, एक्सपायरी अजून लांब आहे.