गोव्यात देवदर्शनासाठी ॲपवरची टॅक्सी की दिवसभरासाठी ठरवलेली गाडी?

गोव्यात कुलदैवताच्या दर्शनाला घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांपुढे हल्ली एक प्रश्न हमखास येतो. प्रत्येक टप्प्यासाठी मोबाइलवरून वेगळी टॅक्सी मागवावी, की एखाद्या स्थानिक टॅक्सीवाल्याशी बोलून गाडी सबंध दिवसासाठी ठरवावी? पुण्यामुंबईच्या सवयीमुळे पहिला मार्ग आपल्याला सोपा वाटतो. मात्र ओला आणि उबर यांची टॅक्सीसेवा गोव्यात नाही, आणि जी ॲप तिथे आहेत त्यांच्याकडून मोठ्या शहरातल्यासारखी अपेक्षा ठेवता येत नाही. मी आईला घेऊन हे दोन्ही मार्ग वापरले आहेत आणि आता माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे. तरीही प्रत्येकाचा मुक्काम आणि बरोबरची माणसे वेगळी असल्याने ते जसेच्या तसे सर्वांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

ही परिस्थिती समजून घेतल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ९३ नुसार ॲपवरून प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीला राज्याचा परवाना लागतो, आणि गोव्यात हा विषय अतिशय नाजूक आहे. तिथली टॅक्सी म्हणजे बहुतांशी एका कुटुंबाच्या मालकीची, कर्जावर घेतलेली एकच गाडी असते. ती एखाद्या हॉटेलाजवळच्या, स्थानकाजवळच्या किंवा देवळाजवळच्या स्टँडवर नंबरात उभी राहते. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने गोवामाइल्स हे ॲप सुरू झाले, तेव्हापासून स्टँडवरच्या टॅक्सीमालकांचा त्याला विरोध आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी त्यासाठी गाड्या बंद ठेवून आंदोलन केले. मे २०२५ मध्ये सरकारने ॲपसेवांसाठी नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, त्यालाही असाच तीव्र विरोध झाला. मधल्या काळात गोवा टॅक्सी ॲप या नावाचे सरकारी ॲपही आले. पावसाळ्याचे महिने जवळजवळ रिकामे काढणाऱ्या माणसाला आपल्या दारातले भाडे दुसऱ्याने उचललेले सहन होत नाही, हे मला पटते. दुसरीकडे ॲपवर गाडी लावणारेही बहुतेक गोव्यातलेच असतात आणि त्यांनाही तेच हप्ते फेडायचे असतात. या वादात निवाडा देणे हे माझे काम नाही. प्रवाशाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट एवढीच की ॲपवरची गाडी तुम्हाला कुठेही सोडू शकते, पण कुठूनही उचलू शकतेच असे नाही.

सोडण्याच्या बाबतीत ॲपचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आणि तिथून पणजी साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे. इतके अंतर जायचे असताना गाडीत बसण्याआधी भाडे कळणे, त्यावर चर्चा करावी न लागणे आणि गाडीचा नंबर घरच्यांना पाठवता येणे, ही फार मोठी सोय आहे. रात्री उशिरा उतरलात, तर थकलेल्या माणसांना बाजूला उभे करून भाव ठरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे वाटते. पणजीसारख्या ठिकाणी मुख्य रस्त्याला लागून राहिलात, तर गाडी मिळायलाही सहसा त्रास होत नाही. केवळ विमानतळ ते मुक्काम आणि मुक्काम ते विमानतळ एवढाच प्रवास असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही, ॲपच वापरावे.

माझे मत बदलले ते फोंडा तालुक्यात, आणि तेही परतीच्या वाटेवर. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची महालसा भक्तांनी पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, जुवारी नदीपलीकडच्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणली. त्यामुळे ही देवळे वर्दळीपासून आत, डोंगरांच्या कुशीत आणि कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या आडोशाला वसली आहेत. मंगेशी आणि म्हार्दोळ पणजी-फोंडा महामार्गापासून फार लांब नाहीत; कवळे, रामनाथी, बांदोडे आणि वेलिंग मात्र आतल्या रस्त्यांवर आहेत. सकाळी पणजीहून ॲपवरच्या गाडीने अशा एखाद्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाता येते आणि तोवर सारे सुरळीत वाटते. अभिषेक, आरती आणि महाप्रसाद आटोपून दुपारी बाहेर आल्यावर परतीची गाडी मागवू लागलो, की पडद्यावर शोध चालूच राहतो. जवळपास ॲपवरची मोकळी गाडी नसते, आणि फोंड्याकडून एवढ्या आत रिकामे येणे चालकाला परवडत नाही.

एकदा बराच वेळ वाट पाहिल्यावर एका चालकाने भाडे स्वीकारले आणि लगेच त्याचा फोन आला. देवळासमोर स्टँडच्या गाड्या उभ्या आहेत, तिथे मला येता येणार नाही, तुम्ही जरा बाहेर मोठ्या रस्त्यापर्यंत या, असे तो अतिशय नम्रपणे म्हणाला. त्याचे काहीच चुकत नव्हते. स्टँडसमोरून भाडे उचलले तर वाद होईल ही त्याची भीती खरी होती. पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काठी घेऊन चालणाऱ्या माझ्या आईला दुपारच्या उन्हात त्या चढाच्या रस्त्याने नेणे मला शक्य नव्हते. शेवटी मी तो प्रवास रद्द केला आणि समोरच्या स्टँडवर जाऊन, आधी काही न ठरवता, अडलेल्या माणसाने बोलावे तसे बोलून गाडी घेतली. सांगितलेले भाडे मला जास्त वाटले. ते अवाजवी होते असे म्हणवत नाही, कारण त्या गाडीला पणजीहून रिकामे परतायचे होते आणि ते परतीचे अंतर त्या भाड्यात धरलेले होते.

या प्रसंगानंतर मी दरांची तुलना वेगळ्या पद्धतीने करू लागलो. ॲपवरचा जाण्याचा दर आणि दिवसभराच्या गाडीचा दर शेजारी ठेवले, तर ॲप निर्विवाद स्वस्त दिसते. परंतु देवदर्शनाच्या दिवशी प्रवासाचे एक टोक विमानतळ नसते. चार-पाच देवळे, मध्ये जेवण, एखाद्या नातेवाइकाचे घर असे तुकडे असतात. त्यातला एखादा तुकडा जरी स्टँडवरच्या एकेरी भाड्याने भरावा लागला, तरी आधी दिसलेली बचत बरीचशी संपते. गाडी सकाळीच ठरवली असेल, तर रिकाम्या परतीचा प्रश्न त्या एकाच ठरावात मिटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ आपल्या हातात राहते. पूजा लांबली, गुरुजींनी थांबायला सांगितले किंवा आईला वाटले की आणखी थोडा वेळ सभामंडपात बसावे, तरी बाहेर गाडीचे काय होईल ही चिंता मनात राहत नाही. ओल्या पायांनी देवळातून बाहेर आलेल्या वृद्ध माणसाला आपली गाडी झाडाखाली उभी दिसते, ओटीचे आणि प्रसादाचे सामान त्यातच राहते, चालकाला पुढचे देऊळ ठाऊक असते. या सोयीची किंमत मला पैशांत मांडता येत नाही, पण आमच्या घरात तिच्याबद्दल आता दुमत राहिलेले नाही.

अर्थात या मार्गालाही उणिवा आहेत. डिजिटल मीटर सक्तीचे असले, तरी दिवसभराच्या ठरावात मीटरचा संबंध सहसा येत नाही आणि भाडे बोलण्यावर ठरते. घासाघीस ज्यांना मुळीच जमत नाही, त्यांना हे त्रासाचे वाटेल. शिवाय चालक चांगला मिळणे हा थोडाफार नशिबाचा भाग राहतोच. एकटे किंवा दोघेच तरुण असाल आणि एखाददुसऱ्याच देवळाला जायचे असेल, तर सबंध दिवसाची गाडी ही उधळपट्टी ठरेल. अशांनी पणजीच्या स्थानकावरून फोंड्याची बस धरावी. ती मंगेशी आणि म्हार्दोळवरूनच जाते. पुढच्या आतल्या अंतरासाठी परवानाधारक मोटारसायकलवाला, ज्याला गोव्यात पायलट म्हणतात, मिळाला तर उत्तमच. स्वतः चालवायला भाड्याची गाडी घ्यायची असेल, तर तिची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी आहेत ना, हे पाहून घ्यावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे नियमात बसत नाही.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्याने माझे ऐकायचे ठरवले, तर त्याने गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवावी. जिथे उतरला असाल त्या घराच्या किंवा लॉजच्या मालकांकडून ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर घेणे सर्वांत बरे, कारण मग चालकही ओळखीला धरून वागतो आणि स्टँडवरही कोणाची हरकत राहत नाही. फोनवर देवळांची नावे क्रमाने सांगावीत. नुसते ‘फोंड्याकडची देवळे’ असे म्हणू नये, कारण वेलिंग आणि कवळे वाढले की अंतराचा हिशेब बदलतो. किती तास, किती किलोमीटर, त्यापुढे काय दर, थांबण्याचे वेगळे घेणार का आणि चालकाचे जेवण कोणाकडे, एवढे विचारून तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे आणि त्याचा होकार घ्यावा. दर्शनाच्या वेळा आणि महाप्रसादाची कुपने कोणत्या देवळात कधी मिळतात हेही त्यालाच विचारावे, कारण रोज तिथे येणाऱ्या माणसाला ते नेमके ठाऊक असते. परतीच्या विमानासाठी मात्र मी आजही ॲपवरूनच गाडी मागवतो, आणि ती अडू नये म्हणून मुक्काम शक्यतो मुख्य रस्त्यालगत घेतो.