पाठवणाऱ्याचे नाव नसलेले पाकीट: दक्षता आयोगाच्या ‘पिडपी’ सेवेचा आढावा

केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या आणि कंपन्यांतल्या भ्रष्टाचाराची केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याच्या सोयीला सरकारी कार्यालयांत ‘पिडपी’ म्हणतात (PIDPI, म्हणजे जनहितार्थ माहिती उघड करणे आणि माहिती देणाऱ्याचे संरक्षण, या इंग्रजी नावाची आद्याक्षरे). ठरलेला फॉर्म नाही, फी नाही, वकील लागत नाही. खर्च म्हणाल तर टायपिंग, झेरॉक्स, एक दणकट पाकीट आणि स्पीड पोस्ट. नाव झाकण्याच्या कामात ही सेवा चांगली आहे. तक्रारीचे पुढे काय झाले हे सांगण्यात कच्ची आहे. नाव फुटलेच तर मागे उभा राहणारा कायदा तोकडा आहे आणि देशाच्या सर्वोच्च नेत्यापर्यंत ती पोहोचतच नाही. नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉईल, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, नीरी, एम्स आणि रेल्वेची विभागीय कार्यालये आहेत. म्हणजे या सेवेची गरज पडू शकेल अशी माणसे या शहरात हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला, म्हणजे व्हिसलब्लोअरला, मराठीत ‘जागल्या’ म्हणतात. गाव झोपलेले असताना राखण करणारा, तो जागल्या. शब्द नेमका आहे, कारण जागल्याने हाळी दिली की गावकरी आधी चोर कुठल्या बाजूने आला ते पाहतात, जागल्या कोणत्या घरचा हे विचारत बसत नाहीत. तक्रार मोठ्या नेत्याविरुद्ध असली की मात्र उलटे होते. धरमपेठेतली टपरी असो की हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतला आमदार निवासाचा परिसर, पहिला प्रश्न हाच येतो: हा माणूस कोणाचा?

अमेरिकेत 2019 साली हेच झाले, आणि अशा सेवेची परीक्षा कशी घ्यावी हे त्यातून शिकता येते. 25 जुलै रोजी डोनाल्ड ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमीर झेलेन्स्की फोनवर बोलले. त्या बोलण्यात ट्रम्प यांनी आपले प्रतिस्पर्धी जो बायडन आणि त्यांच्या मुलाची चौकशी व्हावी अशी मागणी केली. 12 ऑगस्टला याबद्दल नाव गुप्त ठेवून एक लेखी तक्रार झाली आणि ती गुप्तचर यंत्रणांवर देखरेख ठेवणारे महानिरीक्षक मायकेल ॲटकिन्सन यांच्यापुढे आली. तिथल्या कायद्यात घड्याळ ठरलेले आहे. तक्रार विश्वासार्ह आहे का हे ठरवायला महानिरीक्षकाला 14 दिवस, आणि ती संसदीय समित्यांकडे पाठवायला गुप्तचर संचालकाला 7 दिवस. ॲटकिन्सन यांनी चौदाव्या दिवशी, 26 ऑगस्टला, तक्रार विश्वासार्ह आणि तातडीची ठरवून पुढे दिली. प्रभारी संचालक जोसेफ मॅग्वायर यांनी ती सात दिवसांत पाठवली नाही. न्याय खात्याच्या विधी विभागाचे मत पडले की विषय गुप्तचर कामाचा नाही, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने ‘तातडीचा’ नाही. 9 सप्टेंबरला ॲटकिन्सन यांनी अशी तक्रार आल्याचे समित्यांना कळवले. 25 सप्टेंबरला फोनवरच्या बोलण्याचे टिपण आणि दुसऱ्या दिवशी तक्रारही जाहीर झाली.

त्यानंतर दोन्ही पक्ष भिडले. रिपब्लिकनांचे मुद्दे असे: तक्रारदार स्वतः त्या फोनवर नव्हता, सगळे ऐकीव आहे; तक्रारीआधी त्याने डेमोक्रॅट समिती अध्यक्ष ॲडम शिफ यांच्या कर्मचाऱ्यांशी संपर्क साधला होता; त्याचा राजकीय कल दुसरीकडे असल्याच्या काही खुणा खुद्द महानिरीक्षकांनी नोंदवल्या होत्या; आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप करणारा समोर पाहण्याचा हक्क हवा. डेमोक्रॅट म्हणत होते की कायद्यात प्रत्यक्षदर्शी असण्याची अट नाही, तक्रारीतला गाभा जाहीर टिपणाशी जुळतो, आणि नाव उघड केले तर पुढचा माणूस तोंडच उघडणार नाही. प्रतिनिधीगृहात 18 डिसेंबर 2019 रोजी महाभियोगाची दोन कलमे 230 विरुद्ध 197 आणि 229 विरुद्ध 198 मतांनी मंजूर झाली, त्यात एकही रिपब्लिकन मत नव्हते. 5 फेब्रुवारी 2020 रोजी सिनेटने ट्रम्प यांना दोन्ही कलमांतून मुक्त केले. तिथे पक्षाची रेषा ओलांडणारे एकटे रिपब्लिकन सिनेटर मिट रॉम्नी, तेही पहिल्याच कलमावर.

या सगळ्यातून सेवेबद्दल कळते ते असे. त्यांचे घड्याळ चांगले होते. वरच्याने कागद दाबला तरी तो दाबल्याचे महिन्याभरात बाहेर आले. पण त्यांचे आवरण गळके होते. नाव जपण्याचे बंधन मुख्यतः महानिरीक्षकावर होते. खासदार, प्रचारक, खुद्द अध्यक्ष यांना अडवणारे ठोस काही नव्हते. सिनेटमध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कथित तक्रारदाराचे नाव असलेला प्रश्न वाचायला नकार दिला, ही त्यांनी राखलेली शिस्त. आणि 3 एप्रिल 2020 रोजी ट्रम्प यांनी ॲटकिन्सन यांनाच पदावरून दूर करत असल्याचे कळवले.

आता आपल्याकडे. आपली व्यवस्था एका मृत्यूतून आली आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन रस्त्यांच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह कार्यालयांमधून फिरत राहिले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया इथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर 21 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने जो ठराव काढला तो पिडपी. दुबे यांचे पत्र जिथे उघडे पडले तीच फट बुजवण्यासाठी पाकिटाचे इतके नियम आहेत, म्हणून ते काटेकोर पाळायचे.

पाकीट जाड, शक्यतो कापडी अस्तराचे घ्या. सीताबर्डीच्या कुठल्याही स्टेशनरी दुकानात मिळते. चारही जोडांवर चिकटपट्टी लावा. पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, जीपीओ कॉम्प्लेक्स, ब्लॉक ए, आयएनए, नवी दिल्ली 110023. पाकिटाच्या वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘PIDPI’ असे लिहा. हा शब्द राहिला किंवा पाकीट उघडे गेले, तर आयोग तिला साधी तक्रार धरतो आणि ठरावाचे संरक्षण मिळत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता अजिबात नको. टपाल खात्याची सर्व टपाल कार्यालयांना सूचना आहे की असे पाकीट नाव-पत्त्याचा आग्रह न धरता घ्यावे. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत काउंटरवर कोणी अडले तर ही सूचना शांतपणे सांगा आणि पोस्टमास्तरांना भेटा. कार्यालयाच्या आवारातल्या टपाल कार्यालयात मात्र जाऊ नका. पावती घरी ठेवा. त्यावरच्या क्रमांकाने पाकीट पोहोचले का ते पाहता येते, आणि पोच म्हणून तेवढेच तुमच्या हाती असते. आयोग वेगळी पोच देत नाही.

आत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. एका कागदावर फक्त नाव, पूर्ण पत्ता आणि सही. दुसरीकडे तक्रार, आणि तिच्यात तुम्ही कोण हे उमगेल असा शब्दही नको. नाव तक्रारीच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहिले तरी नियमात बसते, पण तक्रार पुढे पाठवताना मग ते कोणाला तरी झाकावे लागते. जे झाकायचे तेच तिथे नसणे जास्त सुरक्षित. निनावी किंवा खोट्या नावाने पाठवलेली तक्रार मात्र या सेवेत बसत नाही. ईमेल आणि ऑनलाइन पोर्टलवरून केलेल्या तक्रारीलाही पिडपीचे संरक्षण नाही.

नाव फुटते ते बहुतेक वेळा जोडकागदांतून. निविदा फाइलच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात तुमची अद्याक्षरे असतात, आवक शिक्का तुमच्याच टेबलाचा असतो, किंवा तो कागद पाहिलेली माणसे अख्ख्या कार्यालयात तीनच असतात. अशा वेळी कागद जोडण्याऐवजी फाइल क्रमांक, पान क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहा. तपास अधिकारी मूळ फाइल मागवू शकतो. तक्रार हाताने लिहू नका, अक्षर ओळखले जाते. कार्यालयाच्या प्रिंटरवर छापू नका. ‘मी दोनदा तोंडी हरकत घेतली होती’ यासारखे वाक्य कितीही खरे असले तरी काढा, कारण हरकत घेणारा कोण हे समोरच्याला पाठ असते.

ऐकीव माहितीचे काय? इथे अमेरिकेतला वाद कामी येतो. त्या तक्रारदाराने आपण बहुतेक घटनांचे प्रत्यक्ष साक्षीदार नाही हे तक्रारीतच स्पष्ट लिहिले होते, आणि फॉर्मवर प्रत्यक्ष माहिती आणि इतरांकडून मिळालेली माहिती या दोन्ही चौकटींत खूण केली होती. म्हणून ‘ऐकीव’ हा आरोप होऊनही तक्रार कोसळली नाही. तुम्हीही तक्रारीचे दोन भाग करा: काय पाहिले, आणि काय कळले. कळलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या कागदावर पडताळता येईल ते लिहा. ‘साहेब खूप खातात’ यावर चौकशी होत नाही. अमुक कामाचे मोजमाप अमुक तारखेला नोंदले, बिल त्याआधीच निघाले, एवढे लिहिले की होते.

एकच प्रत, एकाच ठिकाणी. पंतप्रधान कार्यालय, मंत्री, वर्तमानपत्र, युनियन यांना प्रती पाठवल्या की गुप्तता संपली, आणि पिडपीही संपली. अनेकांचा धीर इथेच सुटतो. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या प्रकरणातही आधी कोणाशी बोलले गेले हाच विरोधकांचा सर्वांत टोकदार मुद्दा ठरला.

पाकीट पोहोचल्यावर आयोग तुमच्या पत्त्यावर पत्र पाठवून दोन गोष्टी विचारतो: तक्रार तुमचीच आहे ना, आणि हाच मजकूर दुसरीकडे कुठे दिलेला नाही ना. उत्तराला 30 दिवस मिळतात, मग एक स्मरणपत्र येते आणि आणखी दोन आठवडे. त्यापुढे छाननी होते आणि चौकशी त्या संस्थेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे किंवा सीबीआयकडे जाते. अहवालाला तीन महिने ठरलेले आहेत, पण ते घड्याळ तपास यंत्रणेचे, तुमचे नाही. तुम्हाला तारखा कळत नाहीत, आणि स्वतःहून पत्रव्यवहार करू नये अशीच आयोगाची अपेक्षा असते. गुप्ततेसाठी हे समजण्यासारखे आहे, तरी नुसत्या क्रमांकावरून टप्पा कळण्याची सोय करता येणे अवघड नाही. ही उणीव खरी आहे.

त्याहून मोठी उणीव कायद्याची. पिडपी हा ठराव आहे, अधिनियम नाही. व्हिसलब्लोअर संरक्षण कायद्याला 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो लागूच केलेला नाही. मंजूर झालेला कायदा इतकी वर्षे कपाटात पडून आहे, याची चीड यायला हवी. आज छळ झाला तर आयोगाकडे दाद मागता येते, जिवाला धोका असेल तर गृह मंत्रालयामार्फत संरक्षणाची सोय आहे, पण नाव फोडणाऱ्याला तुरुंगाची भीती नाही.

महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद, महावितरण हे पिडपीत येत नाहीत. तिथल्या लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. तुमची बदली, बढती, पेन्शन यांचे गाऱ्हाणेही पिडपीत घालू नका, त्याने चांगली तक्रारही बाद होते.

आणि तक्रार थेट पंतप्रधानांविरुद्ध असेल तर? आयोगाच्या कक्षेत मंत्री येत नाहीत. त्यासाठी लोकपाल आहे. तिथे तक्रार ठरलेल्या नमुन्यात, ओळखपत्राच्या प्रतीसह आणि प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. मराठीत दिली तरी चालते, आणि घटना सात वर्षांच्या आतली हवी. खोटी तक्रार ठरली तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, सद्भावनेने केलेल्या तक्रारीला मात्र हे लागू नाही. पंतप्रधानांविरुद्धची तक्रार घ्यायची की नाही हे पूर्ण पीठ ठरवते आणि किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. कामकाज बंद दाराआड चालते आणि तक्रार फेटाळली तर त्याची कागदपत्रे कोणालाच मिळत नाहीत. शिवाय आंतरराष्ट्रीय संबंध, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय कायद्यानेच बाहेर ठेवले आहेत. म्हणजे परदेशी राष्ट्रप्रमुखाशी झालेल्या फोनबद्दलची 2019 सारखी तक्रार आपल्याकडे आली, तर ती खरी की खोटी हे पाहण्याआधीच या कलमावर अडण्याची दाट शक्यता आहे.

राज्यातही वाट अशीच अरुंद ठेवली आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात विधानसभेने लोकायुक्त विधेयक मंजूर केले. त्यात मुख्यमंत्र्यांची चौकशी करायला आधी विधानसभेच्या दोन तृतीयांश संमतीची अट आहे, म्हणजे तक्रार तपासली जाण्याआधी पक्षांची मोजणी.

पिडपी वापरणार असाल तर शेवटची एक काळजी घ्या. पुष्टीचे पत्र तुमच्या घरी येईल. पत्ता क्वार्टरचा असेल आणि टपाल कॉलनीच्या गेटवर किंवा सुरक्षारक्षकाकडे जमा होत असेल, तर तो देऊ नका. जिथे पोस्टमन पत्र तुमच्याच हातात देईल असा घरचा पत्ता द्या आणि पुढचा दीड महिना तिथे कोणी ना कोणी असेल हे बघा.